काळ्या मडक्याचे सांधे

११ जानेवारी, निमखेड

मुरुमहून एसटीनं फाट्यापर्यंत आले, तिथून टमटमनं गावात. दोन पिशव्या कपड्यांच्या, एक पुस्तकांची. पुस्तकांची पिशवी उतरवून घेताना हरणाबाई म्हणाल्या, ह्यात काय दगडं आणलीत का, इथं काय कमी हायत व्हय. आल्याबरोबर हसले. बरं वाटलं.

हरणाबाईंच्या घराची मागची खोली आता माझी. पत्र्याच्या छपराची आहे, पण समोर लिंब आहे आणि ओसरी आहे. त्यांनी गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही दिलं. त्यांची लेक प्रतीक्षा दिवाळीच्या सुमारास तापानं गेली. एकोणीस वर्षांची होती. जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली.

गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन चालू आहे. माझे मालक वर्षभर तिथं रखवालदार होते. गेल्या पावसाळ्यात ते इथंच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मी मुरुमहून निघाले, पण ओढ्याचा पूल पाण्याखाली होता. माझे दीर रणधीर सोयाबीनच्या कामासाठी जवळच्या वाडीत होते, म्हणून तेवढे पोचले. अग्नी त्यांनीच दिला. मी अलीकडच्या काठावर उभी होते. मला धूर दिसला.

उत्खननाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम यांनी नंतर फोन केला, की खापरं धुण्याचं आणि निवडण्याचं काम आहे, याल का. मुरुममधल्या बायका म्हणाल्या, नवरा जिथं गेला तिथं कशाला जातेस. मी म्हटलं, त्यांनी वर्षभर काय राखलं ते बघायला.

१६ जानेवारी

काम आवडलं. खंदकातून घमेली येतात. खापरं मऊ ब्रशनं धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर बारीक पांढऱ्या शाईनं खंदकाचा आणि थराचा आकडा घालायचा. मग काठाची एका ट्रेमध्ये, पोटाची दुसऱ्यात, बुडाची तिसऱ्यात. मणी, दिवल्या, खेळण्यातले बैल वेगळे. मॅडम शिकवताना रागावत नाहीत. मी सातवीच शिकलेली, पुढचं सगळं पुस्तकांतून. त्यांनी संध्याकाळी वाचायला म्हणून मातीच्या भांड्यांवरचं एक मराठी पुस्तक दिलं.

खंदकातला म्होरक्या शिवलिंगप्पा म्हातारा आहे पण तोंडाळ. मला मास्तरीणबाई म्हणतो. आज म्हणाला, त्या काळी बी नवरा-बायकूची भांडणं लई व्हत असणार, न्हाय तर येवढी भांडी फुटली नसती.

मालक संध्याकाळी फोनवर याच म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगायचे. त्यातला निम्मा शिवलिंगप्पा मला आधीच ठाऊक होता.

२४ जानेवारी

टेकाडाच्या ओढ्याकडच्या बाजूला एक वेगळाच प्रकार निघाला. दोन ओंजळींत मावतील अशी मडकी, आणि गळ्यावर माणसाचं तोंड. चिमटीत धरून काढलेलं नाक, डोळ्यांच्या जागी चिरा. सगळी फुटलेली. प्रत्येकाच्या एका कुशीला तीन भोकं.

भोकं कशाला, यावर दिवसभर बोलणं झालं. शिवलिंगप्पाचं म्हणणं, ही पिंडीवर टांगायची गळती आहे, थेंब थेंब पाणी पडायला. मला वाटलं चाळण असावी. मॅडमनी भोकांच्या कडा दाखवल्या. ओल्या मातीत पाडलेलं भोक गुळगुळीत असतं, हे खरबरीत आहे, म्हणजे भाजल्यानंतर बाहेरून ठोकून पाडलं. ठोकून कशाला, ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी 'सच्छिद्र पात्र, उपयोग अनिश्चित' असा वर्ग केला. माझ्याकडं त्यातली तीन जोडायला दिली. भोकं प्लास्टरनं बुजवायची, म्हणजे फोटोत आकार पुरा दिसेल.

२ फेब्रुवारी

पहिलं पुरं झालं. वाळूच्या परातीत तुकडे उभे करायचे, कडेला कड लावायची, सांधा धरेपर्यंत हात हलवायचा नाही. दोन कडा एकमेकींत बसतात तेव्हा बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मालक गेल्यापासून माझं मन इतकं कुठं लागलं नव्हतं.

तोंड म्हातारीचं आहे. गाल बसलेले, ओठ आत गेलेले. शेवटचं भोक बुजवल्यावर मी तिला उजेडाकडं तोंड करून ठेवलं.

६ फेब्रुवारी

दुपारी शेडमध्ये एकटी होते. माझ्यामागं कुणीतरी बसलं आहे असं वाटत राहिलं. मला त्रास द्यायला नाही. दमून आलेलं माणूस भिंतीला टेकून बसतं, तसं. ओल्या राखेचा वास आला. वळून बघितलं तर फक्त फळी आणि ट्रे.

म्हातारीचं मडकं हाताला ओलं लागलं. शेडमध्ये पाण्याचा थेंब नसतो.

१२ फेब्रुवारी

तिन्ही झाली. फळीवर ठेवताना तिन्ही तोंडं भिंतीकडं केली होती. जेवून आले तर दाराकडं. मॅडम म्हणाल्या, कुणी हात लावला असेल. शिवलिंगप्पा आता आत येत नाही. भाकरी बाहेर बाभळीखाली खातो. म्हणाला, आत सुतकाच्या घरात शिरल्यागत होतंय. मी म्हटलं, सुतकातली बाई आत बसलेली असते म्हणून वाटत असेल. तो हसला नाही.

१५ फेब्रुवारी

रणधीर भाऊजी भेटायला आले. मालकांनी राखलेली जागा बघायची म्हणाले, म्हणून मॅडमनी त्यांना शेडमध्ये आणलं. न जोडलेली मडकी ट्रेमध्ये तशीच होती. त्यांनी एकाची भोकं बघितली आणि हात मागं घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं. मसणात पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं. प्रत्येक फेरीला मागचा माणूस दगडानं एक भोक पाडतो आणि धार लागते. तिसऱ्या फेरीनंतर मडकं खांद्यावरून मागं टाकून फोडायचं आणि वळून न बघता निघायचं. म्हणजे गेलेल्याची वाट मोकळी होते.

बायका मसणात जात नाहीत, म्हणून मॅडमनी आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. शिवलिंगप्पाच्या लोकांत जाळत नाहीत, पुरतात, मडकं फोडत नाहीत. ज्या तिघांनी तीन आठवडे ही खापरं हाताळली, त्यांच्यापैकी एकालाही ओळखू आलं नाही. गावातला कुठलाही बाप्या आत आला असता तर दारातूनच सांगितलं असतं.

मग भाऊजींना फळीवरची तीन दिसली. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ही भोकं बुजवायची नसत्यात."

मॅडमनी जोडकाम थांबवलं. उद्यापासून त्या महिनाअखेरपर्यंत धाराशिवला बैठकांना जाणार आहेत. आल्यावर प्लास्टर काढू म्हणाल्या.

निघताना मी भाऊजींना विचारलं, मालकांचं मडकं कसलं होतं. ते म्हणाले, पुरात कुंभाराकडं जाता आलं नाही, हरणाबाईंनी घरातलं एक काळं दिलं. मी का विचारते हे त्यांना कळलं नाही.

१७ फेब्रुवारी

म्हणजे ज्यांना त्यांच्या माणसांनी रडत पाठवलं, त्यांना मी सांधे जुळवून परत आणलं. म्हातारी भिंतीला टेकून बसते ती त्यामुळंच. तिचं इथं कुणी नाही.

याची भीती वाटायला हवी होती. पण शेडला कुलूप लावताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. मालकांचं मडकं ओढ्याकाठी पडलेलं आहे, आणि मला सांधायला येतं.

१९ फेब्रुवारी

सकाळी सरपणाला म्हणून गेले आणि मसणवटीत शिरले. जन्मात पहिल्यांदा. तिथं काही नाही. पत्र्याची शेड, काळी जमीन, बाभळी. आणि खापरं. वर्षानुवर्षांची, एकावर एक. सगळी कुंभाराकडची लाल. काळी तेवढी शोधायची होती, म्हणून अवघड गेलं नाही. काट्यांत हात घालून घालून पदरात घेतली.

धुतली. वाळवली. आकडे घातले नाहीत.

२२ फेब्रुवारी

जोडून झालं. काठाजवळचा एक तुकडा किंचित जाड वाटला, पण कड बसली, म्हणून दाबून धरला. तीन भोकं बुजवली. तिसरं बुजवताना प्लास्टरवर माझं बोट बराच वेळ राहिलं. पाणी भरलं. गळत नाही. खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं.

२३ फेब्रुवारी

आले.

दुपारी ज्वारी निवडत होते. मालक घरात शिरण्याआधी चप्पल काढता काढता खोकायचे, तो खोकला ओसरीवर ऐकला. मग लिंबाखाली पाठ दिसली. सदरा पाठीला चिकटलेला, ओला. डावा खांदा उतरलेला. तीस वर्षं मी ती पाठ शेतात जाताना बघितली आहे.

मी धावले नाही. चहा टाकला, कप लिंबाच्या पारावर ठेवला आणि सुपापाशी येऊन बसले. लई दिवसांनी घरात दोन माणसं होती.

२६ फेब्रुवारी

रोज दुपारी येतात. तोंड दाखवत नाहीत, बोलत नाहीत. मीच बोलते. मुरुमचं घर कुणाला दिलं, बैल कुणी नेला, पुलापाशी मला पोलिसानं कसं अडवलं, सगळं सांगितलं. चहा तसाच राहतो. मडक्यातलं पाणी मात्र कमी होतं. गळत नाही, तरी रोज अर्धं. मी भरून ठेवते.

हरणाबाईंनी विचारलं, आज दोन कप कुणाला. मी म्हटलं, सवय.

१ मार्च

आज खोकला सुरू झाला मालकांचा. संपला तो पोरीच्या हुंदक्यात. मध्ये श्वास तुटला नाही. एकाच गळ्यातून.

पारावर बघितलं. पाठ मालकांची. सदरा मालकांचा. पाठीवर वेणी होती. ओली. लाल रिबीन.

२ मार्च

मडकं उजेडात नेलं. काठाजवळचा जाड तुकडा याचा नाही. कड बसली होती, पण आतल्या बाजूची चाकाची रेष जुळत नाही. शेडमध्ये असते तर पहिल्या नजरेला बाजूला काढला असता.

हरणाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, काळी मडकी कुठली. म्हणाल्या, तुळजापूरच्या बाजारातली, दही लावायला जोडी आणलेली. एक पुरात तुमच्यासाठी दिलं. दुसरं दिवाळीला— तिथं त्या थांबल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

प्रतीक्षा.

३ मार्च

हरणाबाईंना पोरीचं रडणं ऐकू आलं. भिंत एकच आहे. त्या अनवाणी आल्या आणि कोनाड्यापुढं बसल्या. मी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. वाटलं मारतील मला. त्यांनी मडक्यावरून हात फिरवला, पोरीचे केस विंचरावेत तसा. म्हणाल्या, "माझी लेक हाय ती. तुमचं मालक बी राहू द्या, ती बी राहू द्या."

उठल्याच नाहीत. तिथंच निजल्या.

४ मार्च

राहू द्या कसं म्हणू. दोघं एका अरुंद दारात अडकल्यासारखे आहेत. त्यांनी बसावं तर ती उठते. तिनं आई म्हणावं तर त्यांना ठसका लागतो. आज हात दिसला— मनगट मालकांचं, मनगटी घड्याळाचा पांढरा पट्टा तसाच— आणि बोटांना मेंदी.

पाणी आता दिवसातून तीनदा भरते. संपतंच.

पारावरची माती भिजून चिखल झाली आहे.

५ मार्च

बोलले. आल्यापासून पहिल्यांदा. पाठमोरेच. त्यांचाच आवाज, पण खालून, पाण्यातून आल्यासारखा.

"सारजा, जाऊ दे गं."

एवढंच. मग पोर रडू लागली आणि आवाज तिच्यात बुडाला.

मी त्यांना पूर्ण बघितलंही नाही अजून. त्या दिवशी पूल पाण्याखाली होता. आता अंगणात आहेत, आणि—

६ मार्च

फोडायचं ठरवलं. पहाटेच हरणाबाईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत. माझे पाय धरले. वयानं मोठ्या बाईनं. म्हणाल्या, तुमच्याकडं तीस वर्षं व्हती, माझ्याकडं एकोणीसच.

मी म्हटलं, तिला त्रास होतो आहे. ऐकू येत नाही का तुम्हाला.

येतं, म्हणाल्या. रडती तरी हाय न्हवं.

सकाळपासून नळावर गेल्या आहेत. पाणी आणायला एवढा वेळ—

शेडवरून आले. मॅडम अजून आल्या नाहीत. तिन्ही मडक्यांवरचं प्लास्टर भिजवून मीच काढलं. म्हातारीचं आधी. हाताखालून कुणी उठून गेल्यासारखं झालं. भिंत नुसती भिंत राहिली. म्हणजे जातात. सोडलं की जातात.

उद्या.

७ मार्च

मडकं भरून ओसरीवर घेतलं. भरलं मडकं घेऊन मसणापर्यंत जाणं मला जमणार नाही. दगड ओढ्याचा आहे.

ते दाराशी आहेत. म्हणजे दोघं.

पहिलं भोक पाडलं. धार लागली. खोकला सैल झाला, त्यांचा पुरा झाला, शेवटपर्यंत त्यांचाच.

दुसरं. पोरीचा आवाज बाजूला सरकला. पारापाशी. वेगळा.

एकच राहिलं. हात उठत नाही. तिसरं पाडलं की मागं टाकायचं आणि वळून बघायचं नाही. तोंड बघायचं राहिलं आहे. एकदा बघून— नाही. म्हणाले जाऊ दे. लिहिते आहे म्हणजे वेळ काढते आहे, मला कळतं. पाणी निम्म्यावर—

हरणाबाई आल्या. एकट्या नाहीत.

अंगणात बाया आहेत. गावातल्या सगळ्या असाव्यात. पदर ओंजळीसारखे धरलेले, जड. चालताना आतून खापरांचा आवाज. लाल. सगळी लाल. मसणवट झाडून आणली आहे. कुणाचं कुठलं, कुणालाच माहीत नाही, सगळी एकात एक—

रडत कुणीच नाही. रांगेनं बसल्या. पुढची म्हातारी म्हणते, माझा नातू आधी. मागची म्हणते, सकाळपासून थांबलो बाई आमी.

सांगते आहे, असं जुळत नाही. ऐकत नाहीत. एकीनं पदर माझ्यापुढं ओतला.

हरणाबाईंच्या हातात माझं प्लास्टर. भिजवलेलं. खालच्या भोकावर बोट ठेवलं. धार थांबली. पारापाशी पोर गप्प झाली— नाही— परत त्यांच्या गळ्यातून—

दगड माझ्या हातात आहे. एकच घाव. सगळ्या माझ्या हाताकडं बघताहेत, पुराच्या दिवशी मी पलीकडच्या काठाकडं बघत होते तशा, आणि मालक मागून अगदी जवळ येऊन म्हणतात सारजा, आता तरी—